टर्बोच्या जागेचं ‘ड्रॉइंग’ आणि माझे 66,200 रुपये

आधी आकडे. ‘ड्रॉइंग फी’ 4,500. टर्बोचे, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचे, 38,000. ‘तुमच्याच इंजिनाच्या मापाने’ बनवलेल्या मॅनिफोल्डचे (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळाचे) 16,500. आणि सगळ्यात जास्त झोंबणारे 7,200, त्यांचं पुढे सांगतो. एकूण 66,200 रुपये. बदल्यात आलेला माल भंगारवाला वजनावर घेईल, बस्स.

थोडे थोडे करून पैसे कसे काढून घेतात ते सांगत बसत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी काही लॉटरीच्या मेसेजला भुललेला माणूस नाही. ट्रक जुना, बिनटर्बोचा, भरला की चढाला रांगतो. टर्बो घालायचा हे ठरलं होतं, अडलं होतं फक्त तो बसवायचा कुठे यावर. नेमकं तिथेच फोनवरच्या एका ठगाने गाठलं. “टर्बो काय, कुणीही विकेल दादा. जागा ठरवणं हे खरं काम.” आणि हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, म्हणून तर पटलं.

टर्बो मॅनिफोल्डला जितका जवळ, तितका गरम धुराचा जोर टर्बाइनला (टर्बोच्या धुराकडच्या चाकाला) मिळतो. लांब नेला की पाइपातच उष्णता जाते आणि पिकअप उशिरा येतो. वर बसवावा तर वायरिंग आणि ब्रेकचे होज भाजतात. खाली न्यावा तर तेलाची पंचाईत. बेअरिंगला तेल येतं इंजिनाच्या प्रेशरने, पण चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) परत जातं ते निव्वळ उतारावर. म्हणून परतीचा पाइप जाड हवा, उभ्या रेषेपासून 35 अंशांच्या आत हवा, आणि चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. तेल तुंबलं की शाफ्टच्या रिंगांपाशी वाट काढतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पैसे गेले, याचीच चीड आहे.

ड्रॉइंग फोनवर आलं. मापाच्या रेषा, कोपऱ्यात चौकट, सही, शिक्का, सगळं झोकात. पण त्यात स्टार्टर होता तो माझ्या इंजिनाच्या एक्झॉस्टच्या बाजूला. म्हणजे ते इंजिन माझं नव्हतंच! मी विचारलंही. तो क्षणभरही अडखळला नाही. “आरशातलं चित्र समजा, बनवणाऱ्याला कळतं.” मी ‘बरं’ म्हणालो. त्या ‘बरं’ची आठवण आली की अजून झोप उडते. आता कुणी म्हणेल, तिथेच फोन ठेवायचा. दिवसभर स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाने तळहाताएवढ्या स्क्रीनवर असं चित्र पाहून दाखवावं, मग बोलावं. शिवाय तो बोलायचा अगदी मुरलेल्या मिस्त्रीसारखा.

त्याने काय विचारलं नाही, ते आज दिसतं. इंजिनाचा एक फोटो मागितला नाही. डिझेल पंपाचं सेटिंग, एअर फिल्टर कुठे आहे, केबिन उचलताना किती जागा राहते, काहीच नाही. जागा ठरवणारा माणूस प्रश्न विचारून हैराण करतो. जो विचारतच नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका.

ड्रॉइंगमध्ये टर्बो चासीच्या बीमजवळ खाली होता आणि परतीच्या तेलाचा बाण जवळपास आडवा. मी म्हणालो, तेल चढणार कसं? लगेच उत्तर, “त्यासाठी खेचणारा पंप लागतो, 7,200.” खाली बसवलेल्या टर्बोला असा पंप खरंच लावतात, म्हणून तेही भरले. चूक त्याची आणि दंड मला! पंप आला तो 12 व्होल्टचा, डिझेल ओढायचा. माझा ट्रक 24 व्होल्टचा. गरम इंजिन ऑइलशी त्या पंपाचा काडीचा संबंध नाही.

टर्बोवरची पाटी कोरी चकचकीत, पण रिव्हेटच्या शेजारी जुनी भोकं बुजवलेली. लेथवाल्याने शाफ्ट धरून हलवला. आडवा किंचित हलला तर चालतं, तेलावर तरंगणारं बेअरिंग असतं ते. पण आत-बाहेर हलता कामा नये, आणि हा टकटक वाजत होता. कॉम्प्रेसरची (हवा कोंबणाऱ्या चाकाची) पाती हाउसिंगला घासलेली नखाला लागत होती. मॅनिफोल्डचा फ्लँज (जोडाची चकती) तीन बोल्टचा, टर्बोचा चार. मी पुन्हा फोन लावला, तर नंबर बंद. (पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, हमालाला घाई होती.)

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस म्हणाले, “माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद.” म्हणजे ठगाने खोक्यात वीट घालून पाठवली तरी माल मिळाला म्हणायचं? बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं, ट्रक धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहकात बसत नाही. एकच ट्रक, मीच मालक, मीच ड्रायव्हर, मीच टायर बदलणारा, आणि यांच्या लेखी मी मोठा व्यापारी! एकाने तर विचारलं, “टर्बो म्हणजे नक्की काय?” समजावून सांगितलं, तर म्हणाले तज्ज्ञाचा दाखला आणा. तज्ज्ञ म्हणाला, लेखी देणार नाही, कोर्टात कोण खेटे घालणार. तक्रारीची पोच मागितली तर “साहेब बाहेर गेलेत”. साहेब कायम बाहेरच असतात. अर्जाला क्रमांक तेवढा मिळाला आहे, पुढे हालचाल शून्य.

पैसे पाठवल्याच्या दिवशीच बँकेत लेखी द्या, उशीर केलात तर खात्यात काही उरत नाही. ड्रॉइंगचे वेगळे पैसे मागितले तर आधी स्वतःच्या इंजिनावर पुठ्ठ्याचा टर्बो कापून धरून बघा, फुकटात कळतं कुठे अडतंय. आणि नुसता टर्बो लावून भागत नाही, डिझेल पंप पुन्हा सेट करावा लागतो. जो याबद्दल अवाक्षर काढत नाही तो मिस्त्री नाही.

तेच ड्रॉइंग परवा दुसऱ्या एका ट्रकवाल्याने मला दाखवलं, त्याचं इंजिन वेगळ्याच कंपनीचं. टर्बो खाली बीमजवळ, तेलाचा बाण आडवा, उजव्या कोपऱ्यात निळा गोल शिक्का. त्याचे 4,500 गेलेत, 38,000 वाचले. असं चित्र तुमच्याकडे आलं तर त्याला उत्तर देऊ नका, आधी नंबर टिपून ठेवा आणि मला कळवा. माझ्या अर्जाला जोडायचा आहे.