पीएचडीचे काम झेनोडोवर ठेवले: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आम्ही पीएचडी करणारे काही जण ज्या संकेतस्थळावर पोस्टर आणि मसुदे ठेवत होतो, त्याने अचानक जुन्या फाइली उतरवून घेण्यासाठी वर्गणी मागायला सुरुवात केली, आणि आमच्या तक्रारींना साचेबद्ध उत्तरांपलीकडे काही मिळाले नाही. शिष्यवृत्तीवर महिना काढणाऱ्याने स्वतःच्याच कामासाठी पैसे का मोजावेत, या संतापातून मी झेनोडोकडे वळले. सर्न या युरोपातील कणभौतिकी संशोधन संस्थेमध्ये २०१३ पासून चालणारे हे संशोधन-सामग्रीचे ऑनलाइन भांडार विनामूल्य आहे आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत सामग्री मावते, हे बहुतेकांना ठाऊक असेलच. म्हणून मी थेट आवृत्त्यांविषयी लिहिते, कारण माझ्या मते या सेवेचे खरे मोल तिथेच आहे.

नोंद प्रकाशित झाली की तिच्यातील फाइली वाटेल तेव्हा बदलता येत नाहीत. नवी आवृत्ती काढावी लागते आणि तिला स्वतंत्र डीओआय, म्हणजे संदर्भासाठी वापरता येणारा कायमचा ओळख-क्रमांक, मिळतो. सुरुवातीला हे मला फार जाचक वाटले, कारण पीएचडीचे काम आठवड्यागणिक बदलते आणि अर्धवट गोष्ट कायमची नोंदली जाण्याची धास्ती प्रत्येकालाच असते. पुढे दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधक विद्यार्थिनीने माझा मोजमापांचा तक्ता उतरवून घेतला आणि ईमेल करून विचारले की, रिकाम्या चौकटींचा अर्थ शून्य घ्यायचा की मोजणी झाली नाही असा. तिच्या प्रश्नावरून मी खुलाशाची फाइल जोडून दुसरी आवृत्ती काढली, श्रेयात तिचे नाव लिहिले, आणि तिने पहिल्या आवृत्तीवर केलेले विश्लेषण त्याच आवृत्तीच्या डीओआयसह आजही पडताळता येते. तेव्हापासून माझे मत पूर्ण बदलले. सर्व आवृत्त्यांसाठी मिळून आणखी एक डीओआय असतो, जो नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो; प्रकाशनापूर्वीच डीओआय राखून ठेवता येत असल्यामुळे परिषदेच्या पोस्टरवर तो आधीच छापता येतो, आणि पोस्टरसमोर दोन मिनिटे थांबलेला माणूस नंतर निवांतपणे मूळ सामग्रीपर्यंत पोहोचतो.

चर्चेसाठी मात्र ही जागा नाही, आणि केवळ फाइल ठेवल्याने ओळखी होतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. आम्ही तिथे आमच्या गटाचा एक ‘समुदाय’, म्हणजे नोंदींचा सामायिक संग्रह, उघडला आहे; त्यात आलेली प्रत्येक नोंद स्वीकारण्यापूर्वी गटातील एक जण ती बाहेरच्या वाचकाच्या नजरेने वाचतो, आणि फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही आम्ही आवर्जून घेतो, कारण त्या नियतकालिकांत क्वचितच छापल्या जातात आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याचे कित्येक महिने वाचवू शकतात.

नोंद करताना एक काळजी अवश्य घ्यावी: संपर्कासाठी केवळ विद्यापीठाचा ईमेल देऊ नये, कारण पदवीनंतर तो बंद होऊ शकतो. लेखकाच्या नावाशी १६ अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची स्वतःची कायमची ओळख) जोडावा आणि खुलाशाच्या फाइलीत अगदी वरच स्वतःचा कायमचा ईमेल पत्ता लिहावा.