आजीच्या पोथीचं हातशिलाईचं बाइंडिंग : काम उत्तम, पण सूचना देऊनच पोथी सोपवा

पुण्याच्या पेठांमधून अजूनही हाताने शिवून देणारे बाइंडर आहेत. आजीची खिळखिळी झालेली पोथी सावरायची तर हीच सेवा घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र बाइंडरच्या हाताला सवय असते शाळा-कॉलेजच्या पुस्तकांची. तुम्ही काही बोलला नाहीत तर तो पोथी नवीकोरी करून देईल, आणि आमच्या लेखी तिथेच काम फसलं.

शिवलीलामृत उघडून बघा. 14 अध्यायांपैकी 11 व्याची पानं सगळ्यांत जास्त काळवंडलेली दिसतील, कारण तो रोज, निदान सोमवारी तरी वाचला जातो. गुरुचरित्रात तोच मान 14 व्या अध्यायाचा. समासात पेन्सिलीने पारायणाची तिथी, एखाद्या नातवंडाची जन्मवेळ, कोपऱ्यावर कुंकवाचं बोट. आजीने काय वाचलं, कुणासाठी वाचलं, ते इथे नोंदलेलं आहे.

म्हणून पहिली सूचना : कटिंग नको. बाइंडिंग झालं की पुस्तकाच्या तीन बाजू यंत्राखाली घालून सारख्या करतात. त्यात तीन-चार मिलिमीटर कागद जातो आणि त्याबरोबर समासातली अक्षरंही. कडा वेड्यावाकड्या राहिल्या तरी चालतील, हे कागदावर लिहून पोथीत ठेवा. तोंडी सांगितलेलं कारागिरापर्यंत पोचेलच असं नाही.

दुसरी : टाचून शिवू नका. टाचणीत सगळी पानं एकत्र धरून पाठीजवळून आरपार भोकं पाडतात. काम लवकर होतं, पण पोथी ठवणीवर, म्हणजे वाचताना ती ठेवायच्या लाकडी घडवंचीवर, उघडी राहत नाही आणि ओळींची टोकं शिलाईत जातात. जुना दोरा कापून फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचे, घडीवर फाटलेल्या पानांना पातळ टिश्यूची सेंटीमीटरभर पट्टी लावायची आणि प्रत्येक फर्मा घडीतून शिवायचा, ही खरी पद्धत. चिकटवायला मैद्याची खळ हवी. ती ओलसर केली की पुढे कधीही सुटते. पांढरा गोंद सुटत नाही, त्याच्याबरोबर कागदच फाटतो. खळीला कसर लागते, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे पोथी अधूनमधून उघडणं. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांना साफ नकार द्या. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांत उतरतो.

शिलाईआधी कागद तपासा. शेवटच्या कोऱ्या पानाचा कोपरा हलकेच दुमडा. तो तुटला तर ती पोथी शिवायची नाही, दोरा पानं कापत जाईल. अशी पानं सुटीच, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून धुतलेल्या मांजरपाटाच्या रुमालात बांधा. नव्या लाल कापडाचा रंग दमट हवेत कागदावर उतरतो, तेव्हा मन कितीही झालं तरी ते टाळा. हाताने लिहिलेलं अभंगांचं बाड असेल, तर बाइंडरकडे नेण्याआधी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्थेत सल्ला घ्या.

कुंकवाचे, तेलाचे डाग पुसायला लावू नका. ओल्या फडक्याने कुंकू पसरतं. काजळी आणि धूळ मऊ ब्रशने निघते, तेवढं पुरे. तुळशीची पानं, बेल, पंढरपूरचं एसटीचं तिकीट असं काही खुणेला ठेवलेलं असेल, तर कोणत्या पानात होतं ते लिहून वेगळ्या पाकिटात जपा; वाळलेल्या पानाचा तपकिरी डाग कागदावर उमटतो.

फर्मे सुटे असताना पानं सपाट पडतात, स्कॅनिंगला तीच योग्य वेळ. 300 डीपीआय आणि रंगीत सांगा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये कुंकू आणि शाईचा डाग सारखाच दिसतो. परदेशातल्या नातवंडांना हीच प्रत पाठवता येते.

पोथी द्यायची तर फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात खळ वाळत नाही आणि पुठ्ठ्याच्या आत बुरशी धरते. परत मिळाल्यावर प्लास्टिकची पिशवी लगेच काढा, आणि बाइंडरसमोरच अध्यायांचा क्रम आणि पानांचे आकडे तपासून घ्या. फर्मा उलटा शिवला गेला असेल तर दुरुस्ती तिथल्या तिथे होते.