दोन स्तंभांतली कविता

गेली तीन वर्षे मी एका वाङ्मयीन मासिकाचा वर्गणीदार आहे आणि अंक हाती आला की कथा-लेख बाजूला ठेवून प्रथम समकालीन कवितासंग्रहांच्या परीक्षणांकडे वळतो. या सदरात परीक्षकाला ऐसपैस जागा मिळते. त्यामुळे पाच-सहा ओळी उद्धृत करून क्रियापद आधी का आणले, विरामचिन्ह कुठे गाळले, ओळ मध्येच मोडल्याने अर्थ क्षणभर कसा अधांतरी राहतो, हे तो सावकाश दाखवू शकतो. मुक्तछंदात मात्रांचा किंवा लघु-गुरूंचा ठरीव हिशेब नसल्याने लयीचा बराचसा भार ओळ कुठे मोडते यावरच पडतो, आणि हे भान ठेवून लिहिलेले परीक्षण वाचले की आधी वाचलेला संग्रहही पुन्हा उघडावासा वाटतो.

म्हणूनच मांडणीतील हयगय जास्त खुपते. मजकूर दोन स्तंभांत असतो आणि लांब ओळ मावली नाही की उरलेला शब्द थेट खाली, समासाला चिकटून येतो. तो थोडा आत सरकवला असता तर ओळ कवीने मोडली की अक्षरजुळणीने, हे कळले असते. एकदा ओळीवर एकट्याच उभ्या असलेल्या ‘अजून’ या शब्दावर मी दिवसभर विचार करीत राहिलो आणि त्या ओळीला ‘लांब श्वासाची’ म्हणणाऱ्या परीक्षकावर मनातून चिडलोही. पुढे संग्रह मिळाला तेव्हा ‘अजून’ आठ शब्दांच्या ओळीच्या टोकाला निमूट बसलेला दिसला. परीक्षकाची मनातच क्षमा मागितली.

दुसरी तक्रार अशी की पाठराखण, म्हणजे संग्रहाच्या मलपृष्ठावरचा शिफारशीचा मजकूर, लिहिणारेच कधीकधी परीक्षणही लिहितात, आणि मग ‘आशयघन’, ‘तरल’ या विशेषणांपलीकडे हाती काही लागत नाही. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे झाकून कविता वाचायला दिल्या होत्या आणि त्या प्रयोगावरचे त्यांचे पुस्तक १९२९ मध्ये आले. प्रकाशित संग्रहाबाबत तसे करणे शक्य नाही, पण ओळखीच्या कवीचा संग्रह दुसऱ्याकडे सोपवणे संपादकांना अवघड नसावे. ‘साभार पोच’ ही मासिकाकडे आलेल्या पुस्तकांची नुसती यादी आहे. ती चाळून पान उलटावे.

पुढील वर्षाची वर्गणी भरताना मांडणीबद्दल पत्र लिहिले आणि नमुन्यादाखल तीच ओळ उद्धृत केली. पत्र तत्परतेने छापून आले. ओळ याही वेळी ‘अजून’पाशीच मोडली होती.