छोट्या चार्टर विमानात एक वैमानिक की दोन?

पिलाटस पीसी-१२ किंवा बीचक्राफ्ट किंग एअर २०० यांसारखी विमाने एकट्या वैमानिकाने चालवता येतात. प्रवासी भाड्याने नेताना मात्र नियम अधिक कडक होतात. अमेरिकेत ढगांतून, केवळ उपकरणांच्या आधारे प्रवासी न्यायचे असतील तर सहवैमानिक लागतो, किंवा त्याऐवजी चालू स्थितीतील ऑटोपायलट आणि त्यासाठीची खास मंजुरी.

एकट्या वैमानिकाचा फायदा उघड आहे: एक पगार, एकाचेच प्रशिक्षण आणि उजव्या आसनावर आणखी एका प्रवाशाची शक्यता. स्वच्छ हवेत, दिवसा, ओळखीच्या धावपट्टीवर ही पद्धत पुरेशी वाटते. पण रात्री, पंखांवर बर्फ धरत असताना, उतरण्याच्या दहा मिनिटे आधी नियंत्रक धावपट्टी बदलतो, तेव्हा नवा मार्ग संगणकात भरणे, त्या धावपट्टीवर उतरण्याचा तक्ता वाचणे, रेडिओला उत्तर देणे आणि वेगावर नजर ठेवणे ही सारी कामे एकाच डोक्यावर येतात. नेमकी अशा वेळी उंचीची चूक लक्षात आणून देणारे कोणी नसते.

दोघे असले की एक विमान उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो आणि बोलतो. अर्थात, कॅप्टनला टोकण्याची हिंमत नसलेला सहवैमानिक म्हणजे निव्वळ वजनच, त्यामुळे दोघांनी एकत्र सराव केलेला असणे महत्त्वाचे. वैमानिक बेशुद्ध पडल्यास २०२० मध्ये प्रमाणित झालेली गार्मिन ऑटोलँड ही स्वयंचलित प्रणाली, ती बसवलेली असेल तर, विमान उतरवू शकते. थकलेल्या वैमानिकाचा चुकीचा निर्णय मात्र ती रोखत नाही. म्हणून रात्रीच्या आणि खराब हवामानातील उड्डाणांसाठी मी दोघांचाच आग्रह धरीन.