‘एम्पायर : टोटल वॉर’ विकत घ्यावा का?

ब्रिटनमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तयार केलेला आणि सेगाने २००९ साली प्रकाशित केलेला ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा संगणकीय युद्धखेळ आजही विकला जातो. गोव्यातील फोंड्यातल्या माणसाला त्याचे कुतूहल वाटावे असे एक कारण आहे. १७०० सालापासून सुरू होणाऱ्या त्याच्या नकाशावर गोवे आहे, ते पोर्तुगालच्या ताब्यात आहे, आणि त्याच नकाशावर मराठ्यांचे राज्य खेळाडूला स्वतः चालवता येते. बारावीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने एवढे ऐकूनच विचारले, “मामा, घेऊ का?” मी स्वतः हा खेळ बराच काळ खेळलो असल्यामुळे त्याला एका शब्दात उत्तर देणे मला जमले नाही.

खेळाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात अमेरिका, युरोप आणि भारत असे तीन मोठे नकाशे असून त्यांवर कर, व्यापार, तह, संशोधन आणि सैन्यभरती हा सारा कारभार आळीपाळीच्या खेळ्यांनी चालतो. लहान मोहीम १७५० पर्यंत आणि मोठी मोहीम शतकाच्या अखेरीपर्यंत जाते. दुसऱ्या भागात, म्हणजे दोन सैन्ये समोरासमोर आली की, नकाशा बाजूला होतो आणि प्रत्यक्ष रणांगण दिसू लागते. पैसे द्यायचे असतील तर ते या दुसऱ्या भागासाठी द्यावेत, असे माझे मत आहे.

बंदुकीच्या युगातील लढाई नेमकी कशी चालत असे, हे या रणांगणावर हातांनी कळते. सुरुवातीच्या काळात पायदळाची फक्त पुढची रांग बार काढते. मागच्या रांगा नुसत्या उभ्या राहतात, आणि म्हणून फळी जाड करण्यापेक्षा लांब करणे शहाणपणाचे ठरते. पुढे संशोधन झाले की रांगा पाळीपाळीने फैर झाडू लागतात आणि तेच सैन्य दुप्पट घातक होते. सुरुवातीची संगीन बंदुकीच्या नळीतच खोचावी लागत असल्याने ती लावली की बार काढता येत नाही. शत्रूचे घोडदळ किती जवळ आल्यावर संगीन लावायची, हा निर्णय चार-दोन क्षणांचा असतो आणि तो चुकला की तुकडी हातची जाते. दारूगोळा मोजका असतो, सैनिक थकतात, आपल्याच तोफा पुढे गेलेल्या आपल्याच माणसांवर गोळे टाकतात, आणि सेनापती पडला की सैन्याचा धीर सुटतो. या शेवटच्या गोष्टीसाठी मराठी वाचकाला वेगळे उदाहरण द्यायला नको. १७६१ साली पानिपतावर विश्वासराव पडल्यावर जे झाले, त्याची छोटी आवृत्ती येथे प्रत्येक लढाईत घडू शकते.

किल्ल्यांच्या बाबतीत मात्र खेळ निराशा करतो. जगात कुठेही गेले तरी तटबंदी तारेच्या आकाराची, सपाट जमिनीवरची, युरोपीय धाटणीची. डोंगराचा कडा हाच ज्याचा तट आहे असा किल्ला या खेळाला ठाऊकच नाही. वेढ्यात संगणकाचे सैन्य अनेकदा तटाखाली ताटकळत उभे राहते, आणि आपले पायदळ, ते कोणत्याही प्रकारचे असो, दोर टाकून सरसर भिंत चढून जाते. सिंहगडाच्या दंतकथेतली घोरपड निदान एकच होती. येथे प्रत्येक शिपायाच्या पिशवीत एकेक दिलेली दिसते. राजाराम महाराजांचे निधन ज्या वर्षी झाले, ताराबाईंनी कारभार हाती घेतला आणि औरंगजेब साताऱ्यापासून एकेक गड झुंजून किंवा तहाने घेत सुटला, त्याच वर्षी हा खेळ सुरू होतो. पण त्या युद्धाचा जीव ज्या गडांत होता, ते गड दाखवण्याचे साधन त्याच्याकडे नाही.

याहून मोठी उणीव मला ऋतूंची वाटते, आणि ती गोव्यात राहणाऱ्या माणसाच्या चटकन लक्षात येते. खेळात वर्षाला दोन खेळ्या आहेत, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. पावसाळा नाही. आपल्या भागात लढाईचे पंचांग पावसानेच ठरवले होते : मृग लागला की फौजा घरी परतायच्या, गलबते किनाऱ्यावर ओढली जायची, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर दर्या मोकळा व्हायचा आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावर मोहिमा निघायच्या. हा नियम मोडणाऱ्याला काय भोगावे लागे याचे उदाहरण माझ्या घराच्या जवळचेच आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदि द आल्वा हा १७५६ च्या जून महिन्यात फोंड्याच्या मर्दनगडावर चालून आला आणि तेथेच मारला गेला. खेळात तोच हल्ला ‘उन्हाळ्यातील’ एक साधी चाल ठरेल आणि पावसाचा थेंबही त्याच्या हिशेबात येणार नाही.

भरती-ओहोटीचेही तसेच आहे. संभाजी महाराजांनी नोव्हेंबर १६८३ मध्ये गोव्यातले जुवे बेट घेतले ते रात्री, ओहोटीची वेळ साधून. मांडवीच्या खाड्यांत पाणी किती वाजता उतरते हे ज्याला कळते, त्याच्याकडे एक तोफखाना अधिक असल्यासारखेच होते. खेळात सैन्य बंदरातून जहाजावर चढते, दुसऱ्या किनाऱ्यावर उतरते आणि विषय संपतो. हा दोष मोठ्या नकाशाच्या कोणत्याही खेळात थोडाफार असणारच, हे मला मान्य आहे. तिन्ही खंडांचा पट मांडणाऱ्याने प्रत्येक खाडीची नोंद ठेवावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरीही ‘ऐतिहासिक’ हा शब्द वाचून खरेदी करणाऱ्याला हे आधी माहीत असावे.

गोव्याचा प्रदेश नकाशावर एकसंध दाखवला आहे. वास्तविक १७०० साली पोर्तुगीजांकडे होते ते तिसवाडी, बारदेश आणि साष्टी. फोंडा कायमचा त्यांच्याकडे गेला १७६३ साली, आणि डिचोली, सत्तरी, पेडणे त्यानंतर. ज्या मुलाला आपल्या गावाचा इतिहास या नकाशावरून शिकावासा वाटेल, त्याच्या हाती एखादे चांगले पुस्तकही द्यावे लागेल. चौथाई, वतने, सरदारांचे आपापसातले ताण यांचाही येथे पत्ता नाही. मराठ्यांचे राज्य युरोपीय राज्यासारखेच कर गोळा करते आणि तसेच खर्च करते.

समुद्रावरील लढाया या मालिकेत प्रथमच येथे आल्या. वारा कोणत्या दिशेचा आहे, तोफांत साधा गोळा भरायचा की शिडे-डोलकाठ्या तोडणारा साखळीगोळा, शत्रूच्या जहाजावर माणसे चढवायची की नाही, हे सारे त्यांत आहे. देखणेपणात त्यांना तोड नाही. परंतु मोठ्या जहाजांनी बाजूच्या तोफा डागत एकमेकांना भिडणे एवढाच त्यांचा गाभा असल्यामुळे, कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांनी उथळ पाण्यात, पडत्या वाऱ्यात जे साधले, ते येथे साधू म्हटले तरी साधत नाही. चार-पाच लढायांनंतर मी समुद्रावरचे निकाल संगणकावरच सोपवू लागलो.

आता व्यवहाराचे बोलू. संगणकावर हा खेळ ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानावरून चालतो आणि तेथे सध्या जी ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ती मिळते, तिच्यात पूर्वी वेगळ्या विकल्या जाणाऱ्या जोडमोहिमा आणि तुकड्या आलेल्या आहेत, त्यामुळे आणखी काही विकत घ्यावे लागत नाही. सुमारे १५ जीबी जागा लागते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि इंटरनेट यांपैकी एक वस्तू नेहमी रजेवर असते, म्हणून ते उतरवून घ्यायला दोन रात्री हाताशी ठेवाव्यात. खेळ जुना असल्याने साध्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतो, मात्र यंत्र नवे असले तरी दोन खेळ्यांमधली प्रतीक्षा फारशी कमी होत नाही, कारण तिन्ही नकाशांवरच्या साऱ्या राज्यांच्या चाली तेवढ्यात उरकायच्या असतात. २०२४ साली फोनसाठीही आवृत्ती निघाली आहे, पण बोटाएवढ्या तुकड्या बोटानेच हलवण्याचा उत्साह माझ्या वयात उरलेला नाही.

पूर्ण किमतीला हा खेळ घेऊ नये. उन्हाळी आणि हिवाळी सवलतींच्या काळात या मालिकेतील जुन्या खेळांची किंमत बरीच उतरते, तेव्हा घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास स्टीम पैसे परत करते. हे दोन तास कसे खर्च करावेत, हाच खरा प्रश्न आहे. नवखा माणूस साहजिकच अमेरिकन स्वातंत्र्याच्या शिकवणी-मोहिमेपासून सुरुवात करतो, ती सावकाश वाचत वाचत खेळतो, आणि खेळ आवडतो की नाही हे कळण्याआधीच मुदत संपलेली असते. पडदा उघडा ठेवून जेवायला उठले तरी घड्याळ चालूच राहते. म्हणून मी भाच्याला सांगितले की शिकवणी आणि मोहीम दोन्ही बाजूला ठेव. मुख्य पानावरून स्वतंत्र लढाई निवड, मैदान सपाट घे, दोन्ही बाजूंना थोडेच पायदळ आणि दोन तोफा दे, आणि एकदा तू हल्ला कर, एकदा बचाव कर. त्यानंतर एक वेढा आणि एक आरमारी लढाई बघ. फळी सांभाळण्यात रस वाटला तर बाकीच्या उणिवा सोसवतील. तेथेच कंटाळा आला तर नकाशावर मराठे आहेत एवढ्यावर शंभर वर्षांची मोहीम निभावणार नाही.

त्याने सवलत येईपर्यंत वाट पाहिली. पहिल्या दिवशी एक तास चाळीस मिनिटे तो नुसता स्वतंत्र लढायाच खेळला, त्यांपैकी तीन हरला, आणि रात्री फोन करून म्हणाला, “मामा, संगीन फार लवकर लावली. पैसे परत मागणार नाही.”