पुण्याच्या नाना पेठेतलं गॅरेज: जुन्या गाडीची खरेदीपूर्व तपासणी

सेकंडहँड गाडी घेण्याआधी इथली तपासणी जरूर करून घ्यावी. गाडी थंडच आणा, अशी यांची अट आहे आणि ती रास्त आहे. गरम इंजिनात अर्धे दोष लपतात.

थरथर नेमकी कधी येते, हे ते आधी पाहतात. कात्रज बायपासवर ८० ते १००च्या वेगात स्टीअरिंग थरथरलं, तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायरचा फुगवटा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरलं, तर डिस्क. अ‍ॅक्सिलरेटर देताना थरथर, सोडला की शांत, असं असेल तर अ‍ॅक्सलचा आतला सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा, वाकू शकणारा सांधा). पूर्ण वळणावर कटकट आवाज आला, तर बाहेरचा. उभ्या गाडीत सीट हलत असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार. सगळे माउंटिंग बघून मगच निदान, हे विशेष आवडलं.

गिअरबॉक्सची परीक्षा घाटात. चौथ्या गिअरमध्ये आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. न्यूट्रलमधली घरघर क्लच दाबल्यावर थांबली, तर इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. दाबल्यावरच सुरू झाली, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. हा फरक महत्त्वाचा, कारण पहिल्यात गिअरबॉक्सच उघडावा लागतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल चालतो, लोखंडाचे तुकडे दिसले तर व्यवहार सोडा.

ऑटोमॅटिकसाठी मात्र दुसरीकडे जा. इथे ऑइलचा रंग-वास पाहतात, पण गाडीच्या कंप्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर नाही.