कॅल्क आणि थंडरबर्ड: काही महिने संपर्कयादी इम्पोर्ट केल्यावर

आमच्या गटाची संपर्कयादी चार-पाच जण मिळून स्प्रेडशीटमध्ये भरतात. ती थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमच्या अॅड्रेस बुकमध्ये चढवायचं काम माझ्याकडे आहे, आणि त्याआधीची साफसफाई मी लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये करतो. बरेच महिने हे करून झालेलं मत असं, की इम्पोर्ट करताना दिसणारा घोळ बहुतेक वेळा आधीच होऊन गेलेला असतो. स्प्रेडशीटनं फाइल उघडली किंवा सेव्ह केली, तेव्हाच.

सगळ्यात वाईट हाल फोन नंबरांचे. साध्या सेलमध्ये शून्यानं सुरू होणारा नंबर टाकला की तो संख्या धरला जातो आणि शून्य उडतं. देशाचा कोड धरून बारा आकडे झाले तर एक्सेल तो आखडून, शेवटी ‘ई+११’ लावून दाखवतं. इम्पोर्टसाठी फाइल सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम तोडलेल्या साध्या टेक्स्टमध्ये, सेव्ह केली की सेलमध्ये दिसतं तेच उतरतं, म्हणजे उरलेले आकडे त्या फाइलमधून गेलेच. नंतर कॉलम टेक्स्ट करून ते परत येत नाहीत. आधी कॉलम टेक्स्ट करायचा, मग नंबर भरायचे. (हा आगाऊपणा फक्त नंबरांपुरता नाही. ‘मार्च१’ सारख्या जनुकांच्या नावांच्या तारखा होतात म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ती नावंच बदलली!)

कॅल्क मला आवडलं ते इथे. सीएसव्ही उघडण्याआधी ते एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) कोणतं, कॉलम कशानं तोडायचे, हे विचारतं. तिथेच फोन आणि पिनकोडचे कॉलम निवडून ‘टेक्स्ट’ करता येतात. सेव्ह करताना यूटीएफ-८ हे देवनागरी सांभाळणारं एन्कोडिंग निवडायचं आणि सगळ्या टेक्स्ट सेलना अवतरणचिन्हं लावायची. मग पत्त्यातल्या स्वल्पविरामांमुळे कॉलम सरकत नाहीत. एक्सेलमध्येही यूटीएफ-८ सीएसव्हीचा वेगळा पर्याय आहे. साधा सीएसव्ही निवडला तर देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात.

वेबपेजवरून चिकटवलेल्या ईमेल पत्त्यांमागे कधीकधी न तुटणारी स्पेस येते. दिसायला साधी, पण जादा स्पेस काढणारा ट्रिम फॉर्म्युला तिला हात लावत नाही. युनिकोड या अक्षरांच्या क्रमयादीत तिचा क्रमांक १६० आहे; सब्स्टिट्यूट फॉर्म्युला वापरून ती वेगळी काढावी लागते. पत्ता अगदी बरोबर दिसतोय आणि तरी नाकारला जातोय, तर आधी हिच्यावर संशय घ्या.

थंडरबर्डचं काम त्या मानानं सरळ आहे. पहिली ओळ शीर्षकांची आहे हे सांगायचं, कोणता कॉलम कुठल्या रकान्यात जाणार ते जुळवायचं, झालं. वाढदिवसाचं मात्र आधी ठरवा: त्याला वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने लागतात, एका सेलमधली अख्खी तारीख चालत नाही. सुरुवातीला हे जाचक वाटलं, पण ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हा वाद त्यामुळे शीटमध्येच मिटतो.

मी दरवेळी नव्या, रिकाम्या अॅड्रेस बुकमध्ये इम्पोर्ट करतो. चुकलं तर ते अख्खं उडवता येतं, जुनी यादी शाबूत राहते. चालू यादीतच पुन्हा इम्पोर्ट केलं तर त्याच माणसाची दुसरी नोंद तयार होते, कारण थंडरबर्ड दुबार नोंदी स्वतःहून जुळवत नाही. म्हणून शीटमध्येच ईमेलचा कॉलम लहान अक्षरांत आणून, त्यावरून क्रम लावून दुबार ओळी काढतो. एवढं एक काम थंडरबर्डनं स्वतःकडे घेतलं असतं तर पूर्ण गुण दिले असते.